परसाभोवती करवंदीचे कुंपण

परसबाग कितीही मेहनतीने लावली, तरी कुंपण धड नसेल तर ती फार दिवस टिकत नाही. वांगी-मिरचीची रोपे फुलावर यावीत, दोडक्याचा वेल मांडवावर चढावा आणि एखाद्या रात्री कुंपणातील फट सापडून दोन शेळ्या आत शिराव्यात, हा अनुभव खेड्यातील बहुतेक कुटुंबांना केव्हा ना केव्हा आलेला असतो. दोन महिन्यांच्या श्रमांची सकाळपर्यंत माती होते. असे एकदा-दोनदा घडले की घरातील गृहिणी परसात भाजी लावण्याचा नाद सोडून देते आणि आठवड्याच्या बाजारावर अवलंबून राहते. परसबागेचा प्रचार करणारे कार्यकर्ते बियाण्याची पाकिटे वाटतात, वाफ्यांची मापे समजावून सांगतात. कुंपणाचा विषय मात्र 'कुंपण करून घ्यावे' एवढ्या एका वाक्यात आटोपतो. वास्तविक परसबागेचा आरंभ कुंपणापासूनच व्हावयास हवा.

देशावरील पुष्कळ गावांत आजही परसाला काट्यांची कुपाटी घालण्याची रीत आहे. सुगी आटोपली की बाभळी-बोरीच्या फांद्या तोडून आणतात आणि मेखा रोवून त्यांच्यामध्ये त्या दडपून बसवितात. अशी कुपाटी नवी असताना भक्कम दिसते. परंतु तिला वाळवी लागते, पावसाने ती कुजते, आणि परसातील भाजी भरास येते त्या श्रावण-भाद्रपदातच ती नेमकी खाली बसते. पुढच्या वर्षी पुन्हा तोड, पुन्हा वाहतूक आणि पुन्हा हातात काटे. दरवर्षीच्या या तोडीने गावाभोवतालच्या बोरी-बाभळी खुरटत जातात, हे नुकसान तर कोणी हिशेबातही धरीत नाही. तारेचे कुंपण टिकाऊ खरे. पण तार, खांब आणि मजुरी यांचा खर्च चार गुंठ्यांच्या परसाला झेपणारा नसतो, आणि काटेरी तारेच्या दोन ओळींमधून शेळीचे करडू सहज पार होते.

यावर जुना उपाय म्हणजे जिवंत कुंपण. ही कल्पना आपल्याकडे नवी नाही. फक्त कोणते झुडूप निवडावे याबाबत वेळोवेळी चुका झालेल्या आहेत. शेराचे कुंपण फांदी खोचली की उभे राहते, पण त्याचा चीक डोळ्यांत गेल्यास डोळ्यांना गंभीर इजा होते. लहान मुले असलेल्या घराभोवती तो न लावणेच बरे. घायपात पुष्कळ जागा अडविते आणि दोन झाडांमध्ये फटी राहतात. फड्या निवडुंगाची कथा तर सर्वांनी लक्षात ठेवण्यासारखी आहे. मूळचा अमेरिकेतील हा निवडुंग कुंपणासाठी म्हणून लावला गेला आणि कुंपण सोडून शेतांत, गायरानांत व पडीक जमिनींत पसरला. शेवटी 1926 मध्ये तेव्हाच्या सिलोनमधून कोचिनील जातीचा कीटक दक्षिण भारतात आणावा लागला, तेव्हा कोठे त्याचा जोर ओसरला. विलायती बाभळीच्या बाबतीत आज तोच प्रकार चालू आहे. जनावरे तिच्या शेंगा खातात व शेणावाटे बी रानोमाळ पसरवितात. जे झुडूप आपल्या डोंगरावर पिढ्यान् पिढ्या वाढत आले आहे, ज्याची वागणूक गावाला ठाऊक आहे आणि ज्याचा उपद्रव कधी झालेला नाही, तेच कुंपणासाठी निवडणे शहाणपणाचे ठरते. करवंदी हे असे झुडूप आहे.

डोंगरावरचे झुडूप

करवंदीची ओळख महाराष्ट्रात कोणाला करून द्यावी लागत नाही. सह्याद्रीच्या उतारांवर, कोकणातील कातळाच्या कडेने आणि दख्खनच्या पठारावरील टेकड्यांवरही तिच्या जाळ्या आढळतात. वैशाखात पानांच्या द्रोणातून विकावयास येणारी 'डोंगरची काळी मैना' ती हीच. करवंद दाताने अर्धे तोडून आतून लाल निघाल्यास 'कोंबडा' आणि फिके निघाल्यास 'कोंबडी' म्हणण्याचा मुलांचा खेळ घाटमाथ्यावरील प्रत्येक गावात चालतो. इतकी परिचित असूनही करवंदी ही डोंगरावर आपोआप उगवणारी वस्तू आहे, ती लावावयाची नसते, अशी समजूत मात्र दृढ आहे. जे फुकट मिळते त्याची लागवड करण्याचे कोणाच्या मनात येत नाही, आणि जाळ्या दूरदूर जाऊ लागल्या की मग हळहळ वाटते.

शास्त्रीयदृष्ट्या करवंदी ही कण्हेर, तगर आणि सदाफुली यांच्या कुळातील आहे. या कुळातील बहुतेक झाडांप्रमाणे तिची फांदी मोडली असता पांढरा चीक निघतो. फळ मात्र खाण्याजोगे असते. झुडूप सदाहरित असून त्याची पाने समोरासमोर, जाड, चामड्यासारखी चिवट आणि वरून गर्द हिरवी व चकचकीत असतात. पानांच्या बगलेतून काट्यांच्या जोड्या निघतात. हे काटे कठीण व टोकदार असून पुष्कळदा टोकाशी दुभंगलेले असतात. माघ-फाल्गुनापासून फांद्यांच्या टोकांना पांढऱ्या, सुवासिक फुलांचे झुबके येऊ लागतात, आणि वैशाख-ज्येष्ठात फळे काळी पिकतात.

उन्हाळ्यात डोंगरावरील गवत वाळून पिवळे पडते, पुष्कळशी झाडे पाने गाळून उभी असतात, आणि त्याच काळात करवंदी फुलते व फळते. जाड, तुकतुकीत पानांतून ओलावा कमी उडतो आणि मुळे मुरमाच्या व खडकाच्या भेगांतून खोल जातात, म्हणून तिला हे साधते. मात्र हे सर्व वर्णन मुळे खोल गेलेल्या, वाढलेल्या जाळीचे आहे. वीतभर उंचीच्या रोपाला यांपैकी काहीच साधत नाही, आणि करवंदीची लागवड फसते ती मुख्यतः हा भेद ध्यानात न घेतल्यामुळे. 'करवंदीला पाणी लागत नाही' असे ऐकून लावणारा रोप लावून मोकळा होतो. मार्गशीर्षात रोप मान टाकते आणि 'आमच्या जमिनीत करवंदी येत नाही' असा निष्कर्ष काढला जातो.

बी ताजे हवे

डोंगरावरील जाळीतून रोपे उपटून आणण्याचा मोह प्रथम टाळावा. करवंदीच्या लहान रोपालाही सरळ खोल जाणारे सोटमूळ असते. ते कुदळीने तुटते आणि अशी रोपे बहुधा जगत नाहीत. शिवाय वनखात्याच्या जमिनीतून रोपे उपटणे हा गुन्हा होऊ शकतो. बियांपासून रोपे तयार करणे सोपे आहे व त्यास खर्चही फारसा नाही. फक्त एक पथ्य कसोशीने पाळावे लागते. करवंदीचे बी साठवणीत टिकत नाही. ज्वारी-बाजरीचे बियाणे मडक्यात ठेवून पुढच्या वर्षी पेरण्याची शेतकऱ्याला सवय असते. त्याच सवयीने करवंदीचे बी चिंधीत बांधून ठेवले, तर काही आठवड्यांतच त्याची उगवणशक्ती कमी होत जाते आणि पुढच्या पावसाळ्यात पेरलेले बी जवळजवळ उगवतच नाही. पाकिटातून विकले जाणारे बी घेतानाही ते केव्हाचे आहे याची चौकशी करावी. तारीख नसेल तर घेऊ नये.

याकरिता वैशाखाच्या अखेरीस, म्हणजे मे महिन्याच्या उत्तरार्धात, पूर्ण काळी पिकलेली, टपोरी करवंदे घ्यावीत. ज्या जाळीला दरवर्षी भरपूर आणि गोड फळ येते ती जाळी गावातील गुराख्यांना बरोबर ठाऊक असते, त्यांना विचारावे. फळे हाताने कुस्करून, गर धुऊन टाकून आतील चपट्या बिया वेगळ्या कराव्यात. पाण्यावर तरंगणारे बी पोचट असते, ते टाकून द्यावे. उरलेले बी सावलीत एक-दोन दिवस सुकवून लगेच पेरावे.

पेरणीसाठी सुमारे 12 सें.मी. रुंद व 20 सें.मी. उंच प्लॅस्टिकच्या पिशव्या सोयीच्या पडतात. पिशवीच्या तळाशी व बाजूंना पाणी निचरण्यासाठी भोके पाडावीत. दोन भाग माती, एक भाग चांगले कुजलेले शेणखत आणि एक भाग वाळू असे मिश्रण भरून प्रत्येक पिशवीत दोन बिया सुमारे एक सें.मी. खोल टोकाव्यात. रोहिणी-मृगाच्या दिवसांत टोकलेले बी साधारणतः तीन-चार आठवड्यांत उगवते. दोन्ही रोपे आल्यास जोमदार ठेवून दुसरे कात्रीने कापावे. उपटल्यास राहिलेल्या रोपाच्या मुळांना धक्का बसतो. रोपांची वाढ सुरुवातीला अतिशय सावकाश होते, त्यामुळे अधीर होऊन जादा खत घालू नये. पिशव्या उघड्या मातीवर ठेवल्यास मुळे भोकांतून जमिनीत शिरतात आणि लावणीच्या वेळी तुटतात. म्हणून त्या फरशीवर किंवा जाड प्लॅस्टिकच्या कापडावर मांडाव्यात व दर दोन महिन्यांनी जागेवरून हलवाव्यात. एक वर्षानंतर, दुसऱ्या पावसाळ्याच्या तोंडाशी, वीत-सव्वा वीत उंचीची रोपे लावणीस तयार होतात.

ज्यांना कुंपणापेक्षा फळांची अपेक्षा अधिक असेल, त्यांनी मोठ्या फळाची निवडलेली जात घ्यावी. डॉ. बाळासाहेब सावंत कोंकण कृषी विद्यापीठाने प्रसारित केलेली 'कोकण बोल्ड' ही त्यांपैकी एक होय. बियांपासून केलेल्या रोपांत फळाचा आकार व गोडी कमी-जास्त निघते. जातीचे गुण कायम ठेवावयाचे असल्यास खात्रीच्या रोपवाटिकेतून कलमे आणावीत. कुंपणाच्या संपूर्ण ओळीला कलमे लावणे मात्र अनाठायी खर्चाचे आहे. गावच्या डोंगरावरील रानटी करवंदी अधिक काटेरी आणि तेथील हवामानास सरावलेली असते. कुंपणाला तीच उत्तम.

हद्द आणि ओळ

करवंदी कोणत्याही हलक्या, मुरमाड, दगडगोट्यांच्या जमिनीत येते. जेथे दुसरे काही येत नाही असा परसाचा कोपरा तिला चालतो. तिला सोसत नाही ते साचलेले पाणी. काळ्या भारी जमिनीत पावसाळ्यात पाणी तुंबत असल्यास ओळीच्या जागी वीतभर उंचीचा वरंबा घालून त्यावर रोपे लावावीत. अन्यथा बुंध्याशी कुज लागून रोपे मरतात.

ओळ कोठे आखावी, हा प्रश्न जमिनीच्या प्रतीहून अधिक नाजूक आहे. वाढलेली करवंदी छाटणीत ठेवली तरी सव्वा ते दीड मीटर रुंद होते. पुष्कळ जण हद्दीच्या दगडावरच रोपे लावतात. पाच वर्षांनी अर्धे झुडूप शेजाऱ्याच्या परसात जाते, काटे त्याच्या वाटेत येतात, तो आपल्या बाजूने कोयता चालवितो आणि बांधावरून दोन घरांत वितुष्ट येते. हे टाळण्यासाठी ओळ स्वतःच्या हद्दीच्या आत निदान पाऊण ते एक मीटर अंतरावर आखावी. शेजारी तयार असेल तर दोघांनी मिळून सामाईक कुंपण करणे सर्वांत चांगले. मग ओळ हद्दीवर येण्यास हरकत नाही, मात्र छाटणी आणि फळे यांची वाटणी आधी ठरवून घ्यावी. परस एक-दीड गुंठ्याचाच असेल, तर चहूबाजूंनी करवंदी लावल्यास भाजीला जागाच उरत नाही. अशा ठिकाणी फक्त रस्त्याकडील बाजूस ती लावावी. दाराची जागा, विहिरीची किंवा नळाची वाट आणि मुलांच्या खेळण्याची जागा यांच्या लगत ती कधीही लावू नये. करवंदीचा काटा खोल रुततो आणि त्याची जखम चिघळते.

चार गुंठ्यांचा चौकोनी परस सुमारे 66 फूट लांब व तितकाच रुंद, म्हणजे प्रत्येक बाजू साधारण 20 मीटरची असतो. कुंपणासाठी दोन रोपांत 60 सें.मी. अंतर पुरेसे आहे. त्या हिशेबाने एका बाजूला 33 व चारही बाजूंना मिळून सुमारे 130 रोपे लागतात. मरतुक धरून 160 पिशव्या भराव्यात. त्यासाठी अर्धा किलो पिकलेली करवंदे पुरून उरतील. ओळीवर सुटे खड्डे घेण्याऐवजी 45 सें.मी. रुंद व तितकाच खोल सलग चर उन्हाळ्यातच खणून तापू द्यावा आणि पावसापूर्वी निघालेली माती व शेणखत यांनी भरून घ्यावा. चांगले दोन पाऊस होऊन माती खोलवर ओली झाली की आर्द्रा नक्षत्राच्या सुमारास लावणी करावी. पिशवी ब्लेडने उभी चिरून, मातीचा गोळा न फोडता रोप बसवावे आणि भोवतालची माती पायाने दाबून घ्यावी.

पहिले दोन उन्हाळे

लावणी झाल्यावर पहिल्या पावसाळ्यात रोपे टवटवीत दिसतात आणि त्यामुळे लावणारा निर्धास्त होतो. खरी कसोटी दिवाळीनंतर सुरू होते. जमिनीतील ओल खाली सरकू लागते. रोपाचे मूळ अद्याप तेथवर पोहोचलेले नसते. कार्तिकापासून पौषापर्यंत दर पंधरा दिवसांनी आणि माघापासून पाऊस पडेपर्यंत दर आठ-दहा दिवसांनी प्रत्येक रोपाला दोन-अडीच लिटर पाणी मिळाले पाहिजे. हे पाणी एकदम आणि आळ्यात सावकाश जिरेल असे द्यावे. रोज तांब्याभर पाणी शिंपडल्याने माती वरवर ओली राहते, मुळे वरच रेंगाळतात आणि करवंदीचा जो गुण म्हणून ती लावावयाची, तोच तिच्या अंगी येत नाही.

आता 130 रोपांना अडीच लिटरप्रमाणे सव्वातीनशे लिटर, म्हणजे पंधरा लिटरचे बावीस हंडे पाणी दर खेपेस लागते. ज्या गावात चैत्रात बायका पिण्याचे पाणी मैलभरावरून आणतात, तेथे बावीस हंडे कुंपणाला घाला असे सांगणे म्हणजे त्या कुटुंबाची थट्टा करणे होय. अशा घरी एका वर्षी परसाची एकच बाजू लावावी. 33 रोपांना सहा हंडे पुरतात. न्हाणीचे व भांडी विसळलेले पाणी साठविले तर तेवढे बहुतेक घरांत निघते. फक्त त्यात साबण व सोडा फार नसावा. ज्या बाजूने गुरे येतात ती बाजू प्रथम, मग पुढील वर्षी दुसरी, असे चार वर्षांत कुंपण पुरे होते. यात उशीर होतो असे वाटेल. परंतु एका वर्षी सगळे लावून सगळे वाळल्यास त्याहून अधिक उशीर होतो, आणि ते कुटुंब पुन्हा लागवडीस धजत नाही ते वेगळेच.

दुसऱ्या उन्हाळ्यात मुळे बरीच खाली गेलेली असतात. त्या वर्षी फाल्गुनानंतर दर पंधरा ते वीस दिवसांनी एक पाणी दिले तरी चालते. तिसऱ्या वर्षापासून साधारण पाऊसमान असलेल्या भागात पाणी देण्याची गरज उरत नाही. दोन्ही उन्हाळ्यांत आळ्यावर वाळलेले गवत किंवा पालापाचोळा पसरावा, पण तो बुंध्याला टेकवू नये. मुरमाड जमिनीत पाचोळ्याखालून वाळवी येऊन कोवळी साल खाते.

पाण्याइतकीच महत्त्वाची गोष्ट म्हणजे राखण. करवंदी काटेरी म्हणून शेळी तिला तोंड लावणार नाही, असे मानणे चुकीचे आहे. कोवळ्या रोपाचे काटे मऊ असतात आणि शेळीला शेंड्याची कोवळी पाने आवडतात. दर आठवड्याला शेंडा खाल्ला गेलेले रोप दोन वर्षे झाली तरी तसेच खुरटलेले राहते. म्हणून नव्या ओळीच्या बाहेरच्या अंगाला बाभळी-बोरीची कुपाटी नेहमीसारखी घालावी लागते. जी कुपाटी टाळण्यासाठी हा खटाटोप, तीच आणखी दोन वर्षे करावी लागते हे ऐकून शेतकरी नाराज होतो; कार्यकर्त्याने ते लपवून ठेवू नये. दोन वर्षे कबूल करून घेतलेला शेतकरी ती पाळतो. न सांगितलेला शेतकरी पहिल्याच आश्विनात, शेळ्यांनी ओळ साफ केल्यावर, कार्यकर्त्याला बोल लावतो आणि त्यात त्याचा दोष नसतो.

दुसऱ्या पावसाळ्याच्या आरंभी मेलेल्या रोपांच्या नांग्या भरून घ्याव्यात. यासाठीच जादा पिशव्या राखून ठेवावयाच्या असतात. तिसऱ्या-चौथ्या वर्षी भरलेली नांगी शेजारच्या वाढलेल्या झुडपांच्या सावलीत दबून जाते आणि ती फट मग कायमची राहते. कुंपणाची किंमत त्यातील सर्वांत मोठ्या फटीवर ठरते, आणि शेळीला ती बरोबर सापडते.

छाटणी

काटे आहेत म्हणून करवंदी आपोआप कुंपण होते असेही नाही. न छाटलेली करवंदी वर आणि बाहेर पसरते. तिचा पायथा उघडा पडतो आणि खालून कोंबड्या, करडे, कुत्री सहज ये-जा करतात. रोप गुडघ्याच्या खाली, साधारण 30 सें.मी. उंच असतानाच त्याचा शेंडा कापावा. लावणाऱ्याच्या जिवावर येते, कारण वर्षभर जपून वीत-दीड वीत वाढविलेले रोप स्वतःच्या हाताने तोडावयाचे असते. परंतु या एका कापण्याने बुंध्यापासून चार-पाच फांद्या फुटतात आणि त्याच पुढे कुंपणाचा पायथा होतात. नव्या फांद्या 60 सें.मी.पर्यंत गेल्या की त्यांचेही शेंडे मारावेत. पुढे दरवर्षी फळे उतरल्यावर, पावसाळ्याच्या आरंभी, एकदा छाटणी करावी, म्हणजे नव्या फुटीला फुलावर येण्यापूर्वी वाढण्यास पुरेसा अवधी मिळतो. पौष-माघात छाटल्यास त्या वर्षीचे फळ हातचे जाते.

कुंपणाची उंची दीड मीटर पुरे. आकार देताना पायथा रुंद आणि माथा अरुंद ठेवावा. माथा रुंद झाल्यास खालच्या फांद्यांना ऊन मिळत नाही व त्या वाळतात. हातात जाड मोजे किंवा गोणपाट गुंडाळून काम करावे, चीक डोळ्यांत जाऊ देऊ नये, आणि छाटलेल्या फांद्या वाटेवर टाकू नयेत. त्यांचा उपयोग नव्या ओळीच्या कुपाटीला होतो. झुडपाखाली साचलेला पाचोळा वर्षातून एकदा ओढून काढणे इष्ट, विशेषतः घराजवळील बाजूस. दाट पाचोळ्यात उंदीर राहतात व त्यांच्यामागे साप येतो.

काही वर्षी पावसाळ्यात पाने खाणाऱ्या अळ्या पडतात. परसातील ओळ लहान असल्याने त्या सकाळी वेचून नष्ट करणे पुरेसे होते. वाढलेले झुडूप पुन्हा पालवते. याखेरीज फवारणी करावी लागेल असा रोग-किडींचा उपद्रव परसात सहसा होत नाही. गुरे-शेळ्यांना हे कुंपण अडविते. वानरांना ते अडवू शकत नाही, आणि रानडुकरांचा त्रास असलेल्या गावी केवळ करवंदीवर विसंबून राहू नये.

फळ

लावणीनंतर तिसऱ्या वर्षापासून फळे धरू लागतात. कुंपण आणि फळ या दोन्हींचा मेळ मात्र पुरता बसत नाही. भिंतीसारखे घट्ट कातरलेले कुंपण कमी फळते, कारण फुले येतात ती फांद्यांच्या टोकांना, आणि तीच टोके कात्री घेऊन जाते. यावर सोपी तोड अशी की, रस्त्याकडील अंग घट्ट छाटावे आणि परसाकडील अंगाच्या फांद्या थोड्या मोकळ्या सोडाव्यात. फळ आपल्या बाजूला येते, तोडणेही सोपे जाते.

चैत्र-वैशाखातील कच्ची, हिरवी करवंदे अतिशय आंबट असतात. ती लोणच्याला आणि चटणीला घेतात. देठाशी चीक असल्याने ती मिठाच्या पाण्यात काही वेळ ठेवून, धुऊन, चिरून बी काढावे. फळ साखरेत मुरविण्याजोगे असल्यास सुमारे निम्मी कच्ची व निम्मी पिकलेली करवंदे एकत्र शिजवून गाळलेल्या रसाची जेली उत्तम जमते, कारण कच्च्या फळात रस घट्ट करणारा पेक्टिन हा घटक पुष्कळ असतो. शहरातील केकवर जी लालभडक 'चेरी' दिसते, ती पुष्कळदा रंगविलेले व पाकात मुरविलेले करवंदच असते, हे सांगितल्यास घरातील मुलांना मौज वाटेल. कच्चे फळ सुमारे आठवडाभर टिकते. पिकलेले दोन-तीन दिवसांपलीकडे ठेवता येत नाही आणि एकदा पाऊस लागला की ते लवकर नासते. म्हणून बाजार लांब असलेल्या गावी पिकलेल्या फळाच्या विक्रीची मोठी आशा धरू नये. घरचे खाणे, लोणच्याची एक बरणी आणि शेजारी देणेघेणे एवढा हिशेब धरून लागवड करावी. बचत गटाने कच्ची करवंदे एकत्र करून लोणचे घातल्यास चार पैसे मिळू शकतात.

ज्या गावात करवंदीचे कुंपण नवीन आहे, तेथे कार्यकर्त्याने आरंभी तीन-चार घरेच निवडावीत, आणि ती रस्त्याला लागून असावीत. किती रोपे वाटली याच्या नोंदीला फारसा अर्थ नाही. लावणीनंतरच्या दुसऱ्या ज्येष्ठात प्रत्येक ओळीत किती रोपे जिवंत आहेत, हे मोजून वहीत लिहावे. भेटीचे दिवसही त्याच बेताने ठरवावेत: एक दिवाळीनंतर, पहिले पाणी सुरू झाले की नाही हे पाहण्यासाठी, एक होळीच्या सुमारास, कुपाटी शाबूत आहे का हे पाहण्यासाठी, आणि एक पाऊस पडल्यावर, नांग्यांसाठी रोपे पोहोचविण्यासाठी. ज्या घरी तिसऱ्या वर्षी फळ धरेल, तेथील पिकलेल्या करवंदांचे बी त्याच आठवड्यात शेजारच्या घरी पिशव्यांत टोकून द्यावे.